रुळावरच्या माणसाचं ऐकणार कधी?

संपादक साहेब,
ब्रिटनमध्ये रूळ सांभाळणाऱ्या नेटवर्क रेलचे दोन कामगार जुलै 2019 मध्ये वेल्समधल्या मार्गमजवळ गाडीखाली गेले, मग कुठे नेटवर्क रेलने नुसत्या लुकआऊटच्या (गाडी येतेय का बघून इशारा देणाऱ्या माणसाच्या) भरवशावर चालू लाईनवर काम करणं कमी करत आणलं. नियम तर आधीपण होते ना, पण सवयच तशी पडलेली.
मी तरुणपणी एका ठेकेदाराकडे रुळाच्या कामावर होतो, एकदा पावसात म्हटलं मुकादम, शिट्टी ऐकू येत नाहीये, तर म्हणाला घाबरत असशील तर घरी जा, आणि बाकीचे फिदीफिदी हसले, मी पण हसलो!
आपल्याकडे 1853 ला पहिली गाडी ठाण्यात आली, पण 'साहेब, काम थांबवा' म्हणायची सोय अजून गँगमनला हवीय.

– एक वाचक, कळवा