कॉलरीच्या गावाचा नकाशा गावालाही मिळावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत जिल्ह्यातल्या गावांच्या इतिहासावर लेख येतात, ते मी कापून ठेवतो. चांद्याचा परकोट, बल्लारपूरचा किल्ला, भद्रावतीची विजासन लेणी, यांवर आजवर पुष्कळ वाचायला मिळाले. कॉलरीच्या, म्हणजे कोळसा खाणीच्या, गावाची पाळी आली की मात्र लेख धुळीपासून सुरू होतो आणि धुळीपाशीच संपतो. धूळ खोटी नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक परिसरांची यादी केली तेव्हा चंद्रपूर चौथ्या क्रमांकावर होते, आणि त्यात आमच्या घुग्घुसचाही वाटा होता. पण या गावांना इतिहासही आहे. तो कोणी जपला नाही तर पुढे लोकांची राहती घरे जातात, हे आम्ही पाहिले आहे. त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

मी खाणीच्या सर्व्हे खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. भूमिगत खाणीत मोजमाप करायचे आणि ते कागदावर उतरवायचे, हे माझे काम होते. त्यामुळे मी बोलणार ते नकाशांबद्दलच. पण आधी थोडे गावांबद्दल.

वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळसा आहे हे इंग्रजांना १८६० च्या दशकात कळले. घुग्घुस आणि वरोऱ्याच्या परिसरात भोके पाडून थर तपासले गेले. वरोऱ्याला सरकारने स्वतःच खाण चालवायला घेतली आणि तो कोळसा नेण्यासाठी वर्ध्याहून रेल्वे टाकली. तिचे नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’ होते. आज दिल्लीहून चेन्नईला जाणाऱ्या गाड्या ज्या मार्गाने वरोरा, माजरी, बल्लारशाहवरून जातात, त्याची सुरुवात अशी कोळशापासून झाली. वरोऱ्याची ती सरकारी खाण १९०६ साली बंद पडली. त्यानंतर वरोरा कापसाच्या बाजारासाठी ओळखले गेले, पुढे आनंदवनामुळे जगाला माहीत झाले. ज्या खाणीमुळे गावाला रेल्वे मिळाली, त्या खाणीबद्दल आज वरोऱ्याच्या शाळकरी मुलाला विचारून पाहा. त्याला काही सांगता येणार नाही, आणि दोष त्याचा नाही. त्याला दाखवावे असे गावात कोणी काही ठेवलेच नाही.

घुग्घुसला पुढेही खाणी चालल्या, म्हणून आमचे गाव वेगळ्या तऱ्हेने वाढले. इथे मूळचे शेतकरी आणि गोंड कुटुंबे होती. कॉलरीमागोमाग तेलंगणातले लोक आले, छत्तीसगडचे आले, उत्तरेकडचे आले. क्वार्टरच्या एका लाइनीत चार भाषा असत आणि पोरे चारही बोलत. नवरात्रात एका बाजूला देवीची आरती चालू असते, दुसऱ्या बाजूला तेलुगू बाया बतुकम्माभोवती, म्हणजे फुलांच्या रचलेल्या देवीभोवती, फेर धरतात. छठला नदीवर गर्दी होते आणि कार्तिकात हेच गाव वढ्याच्या संगमावर विठोबाच्या यात्रेला जाते. हे कोणी ठरवून घडवले नाही. पाळी एक, खाली नेण्याचे दिवे मिळण्याची लॅम्प रूम एक आणि खाली उतरल्यावर धोका एक, म्हणून ते झाले. खाली ज्याच्या शेजारी उभे राहायचे, त्याच्याशी वर वैर धरून चालत नाही.

खासगी मालकांच्या काळातले कामगार मी नोकरीला लागलो तेव्हा अजून कामावर होते. ठेकेदाराची हजेरी, हप्त्याचा पगार आणि मनात येईल तेव्हा कामावरून काढणे, हे सगळे त्यांनी भोगलेले होते. ३१ जानेवारी १९७३ पासून सरकारने या खाणींचा ताबा घेतला, १ मे १९७३ ला राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ मध्ये कोल इंडिया स्थापन झाली. या तारखा त्यांना घरच्या लग्नाच्या तारखांपेक्षा पक्क्या पाठ होत्या. पीएफ, दवाखाना, क्वार्टर, पोराला शाळा, हे त्यानंतर रीतसर मिळू लागले. जमीन गेलेल्या शेतकऱ्याला दोन एकरांमागे एक नोकरी, या हिशेबाने कित्येक घरांतला एक भाऊ खाणीत गेला आणि बाकीच्यांची शेती संपली. त्या भावा-भावांत काय झाले, हाही इथला इतिहास आहे. तो कुठल्याच दप्तरात सापडणार नाही.

आता नकाशांकडे येतो. आज आमच्याकडे जिकडे तिकडे ओपन कास्ट, म्हणजे वरून खणलेली उघडी खाण, दिसते. डंपर, ओबीचे (कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे) डोंगर, ब्लास्टिंगच्या वेळी थरथरणारी मांडणीवरची भांडी. तरुण मुलांना खाण म्हणजे एवढेच माहीत आहे. त्याआधीचे काम जमिनीखाली होते. कोळशाच्या थरात उभ्या आणि आडव्या गॅलऱ्या, म्हणजे बोगदे, काढत जायचे आणि मधले चौकोनी खांब छत पेलायला तसेच सोडायचे. नियमाप्रमाणे गॅलरी ४.८ मीटरपेक्षा रुंद आणि ३ मीटरपेक्षा उंच काढता येत नाही. पाळी सुरू होताना सरदार, म्हणजे सुरक्षा पाहणारा मुकादम, काठीने छत ठोकत पुढे जायचा. टणक आवाज आला तर पुढे, ढब् असा पोकळ आवाज आला तर सगळ्यांना मागे घेऊन आधी टेकू लावायचा. पुष्कळ ठिकाणी हे खांबही नंतर काढून घेतले जातात आणि छत आपोआप बसू दिले जाते, किंवा पाण्याबरोबर रेती सोडून पोकळी भरली जाते. जिथे यातले काहीच झाले नाही, तिथे पोकळी तशीच राहते. खाण बंद झाली, पंप थांबले की तिच्यात पाणी भरते. कोळशाचे खांब वर्षानुवर्षे त्या पाण्यात उभे असतात, हळूहळू सोलत जातात, आणि वर लोक घरे बांधतात.

हे कुठे, किती खोलीवर आणि किती रुंद आहे, ते फक्त नकाशा सांगतो. चालू खाणीचा नकाशा दर तीन महिन्यांनी पुढे न्यावा लागतो. त्या तिमाहीत गॅलरी कुठवर पोचली ती रेघ मारून तारीख टाकायची, खाली सर्व्हेअर आणि मॅनेजरच्या सह्या. जुने नकाशे कापडावर चिकटवलेले असत. घडीवर ते विरले होते, पण रेघा शाबूत होत्या. बोट ठेवले की कोणत्या साली माणसे कुठे काम करत होती ते दिसायचे. माझ्या मते घुग्घुसचा खरा लिखित इतिहास हाच आहे, याहून अस्सल दुसरा नाही.

आणि तो चुकला तर काय होते, हे देशाने पाहिलेले आहे. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळच्या चासनाळ्याच्या खाणीत जुन्या कामातले साठलेले पाणी आत घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार गेले. फेब्रुवारी २००१ मध्ये त्याच भागातल्या बागडिगीच्या खाणीत पुन्हा तेच होऊन २९ जण बुडाले. जुन्या पाणी भरलेल्या कामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचे नाही, असा नियम आहे. पण जुने काम नेमके कुठे संपते हेच नकाशावर चुकीचे असेल तर ६० मीटर मोजायचे कुठून?

खाली काम करणाऱ्यांसाठी निदान हा नियम तरी आहे. वर राहणाऱ्यांसाठी काय आहे? ऑगस्ट २०२२ मध्ये आमच्या अमराई वॉर्डात एक राहते घर बघता बघता जमिनीत गेले. जमीन हादरल्याचे जाणवून घरातली माणसे बाहेर पळाली म्हणून वाचली. घराच्या जागी विहिरीसारखा खड्डा राहिला. साठ-सत्तर फूट खोल, असे तेव्हा बातम्यांत आले होते. खाली जुनी भूमिगत खाण होती. आजूबाजूच्या कुटुंबांना घरे रिकामी करावी लागली. त्या दिवसांत मला रस्त्यात थांबवून लोक एकच विचारत, “काका, आमच्या घराखाली आहे का हो?” प्रश्न अगदी साधा होता. त्याचे उत्तर कुठल्यातरी कपाटात रेघांनी काढून ठेवलेले असणार. पण ज्याचे घर आहे त्याने ते कुठे जाऊन पाहायचे, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

भूमिगत खाण सोडून देताना तिचा अखेरचा नकाशा खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यावा लागतो. चालू खाणींचे नकाशे व्यवस्थापनाकडे असतात. २००९ पासून प्रत्येक कोळसा खाणीसाठी बंद करण्याची योजना आधीच करावी लागते आणि त्यासाठी पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. तेव्हाचा दर ओपन कास्टला हेक्टरी ६ लाख आणि भूमिगत खाणीला हेक्टरी १ लाख रुपये होता. म्हणजे कागद आहेत आणि पैशाची तरतूदही आहे. पण ज्या खाणी त्याआधी कितीतरी वर्षे बंद झाल्या, त्यांच्यावर बसलेल्या वस्त्यांना यातले काही लागू पडत नाही. नेमक्या त्याच सर्वांत जुन्या, सर्वांत उथळ आणि गावाच्या सर्वांत जवळ आहेत.

माझी मागणी मोठी नाही. घुग्घुस, बल्लारपूर, माजरी, राजूर, वरोरा अशा प्रत्येक कॉलरीच्या गावाखालच्या जुन्या कामांचे नकाशे आजच्या भूमापन नकाशावर बसवावेत आणि त्याची मोठी प्रत नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सर्वांना दिसेल अशी लावावी. बांधकामाची परवानगी देताना तो नकाशा पाहणे सक्तीचे करावे. जिथे नकाशा नाही किंवा त्याबद्दल शंका आहे, तिथे बोअर घेऊन तपासावे. लोक घाबरतील, जागेचे भाव पडतील, असे काही जण म्हणतात. घाबरायला लोक २०२२ मध्येच शिकले. आज ते अख्ख्या गावाला घाबरतात. नकाशा लागला तर कुठे धोका नाही हेही कळेल, आणि पुष्कळ घरे त्या बाजूला निघतील.

घुग्घुस लोकसंख्येने तीस हजारांच्या पुढे जाऊनही ग्रामपंचायतच राहिले होते. २०२० च्या अखेरीस नगरपरिषद झाली. नव्या नगरपरिषदेला विकास आराखडा करावाच लागेल. तो जमिनीच्या वरचेच पाहून केला, तर आणखी कित्येक वर्षे आपण पोकळीवर रस्ते आणि शाळा बांधत राहू. आपल्या वृत्तपत्राने हा विषय लावून धरावा, आणि पुरवणीतल्या लेखमालेत कॉलरीच्या गावांनाही जागा द्यावी, ही विनंती. ज्यांनी खासगी मालकांचा काळ पाहिला असे कामगार आता मोजकेच उरले आहेत. आपला प्रतिनिधी आला तर मी त्यांच्या घरी घेऊन जाईन.

नकाशा वाचून दाखवण्याची काळजी नको. आमच्यातले काही निवृत्त सर्व्हेअर आणि ओव्हरमन (भूमिगत कामावरचे पर्यवेक्षक) आठवड्यातून एक दिवस नगरपरिषदेत बसायला तयार आहेत. ज्याला आपल्या घराचे पाहायचे असेल त्याने जागेचा उतारा घेऊन यावे, आम्ही बोट ठेवून दाखवू. टेबल आणि भिंत तेवढी नगरपरिषदेने द्यावी.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त खाण सर्व्हेअर
घुग्घुस, जि. चंद्रपूर