वाद्याचं नाव छापतात, वाजवणाऱ्याचं नाही : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यात राहतो. तबला आणि ढोलकी वाजवतो. भाऊबीज ते होळी झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांत, उरलेलं वर्ष शेतात. हा माझा २५ वा हंगाम आहे. माझ्याकडे दोनशे पानी तीन वह्या आहेत. पहिल्या रात्रीपासूनचा प्रत्येक प्रयोग त्यांत लिहिलेला आहे : तारीख, गाव, नाटक, मिळाले किती, बाकी किती. या वह्यांना सरकारदरबारी काही किंमत आहे का, एवढंच मला आपल्याला विचारायचं आहे. पण ते नीट कळण्यासाठी थोडं आधीपासून सांगावं लागेल.

गेल्या वर्षी आमच्या ऑर्गनवाल्या काकांनी मानधनासाठी अर्ज केला. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलाकारांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आपल्या खात्याची जी योजना आहे, तीच. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या कलाकाराला महिन्याला ५ हजार रुपये मिळतात. आधी प्रतवारी होती आणि आमच्यासारखे सगळ्यात खालच्या पायरीवर असायचे. आपल्या खात्याने ती पद्धत मोडून सर्वांना सारखी रक्कम केली, त्याबद्दल मनापासून आभार मानतो. काकांचं वय ५८. अर्जाला कामाचे पुरावे लागतात म्हणून त्यांनी घरातली जुनी पोस्टरं काढली, चांगला वीतभर गठ्ठा. मी सोबत होतो. अर्ज घेणाऱ्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्याने एकेक पोस्टर उलगडून पाहिलं आणि विचारलं, "काका, यात तुमचं नाव कुठं आहे?"

नव्हतं. आमचं पोस्टर आपण पाहिलं असेल तर आठवेल. वर नाटकाचं नाव, मध्ये नट-नट्यांचे फोटो, लेखक, दिग्दर्शक, लावणी करणाऱ्या कलावंतांची नावं, आयोजक मंडळाच्या सगळ्या पोरांची नावं, तिकिटाचा दर. अगदी खाली एक ओळ : 'संगीत साथ : ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड'. वाद्याचं नाव असतं, वाजवणाऱ्याचं नसतं. त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही. त्याच्यापुढे कागद होता आणि कागदावर माणूस नव्हता. अर्ज परत आला. बाहेर झाडाखाली बसून काका म्हणाले, "पस्तीस वर्षं वाजवलो, अन् मीच वाजवलो म्हनून सांगाले कोनी नाई."

महोदय, आमची रंगभूमी आपल्याला ठाऊक आहे. २०२३ साली आमच्या जिल्ह्यातले परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा वडशापासून नवरगावपर्यंत लोकांनी एकमेकांना पेढे भरवले. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांचा हा झाडीचा, धानाचा मुलूख. धान कापून घरात आलं की गावोगावी मंडई, म्हणजे आमची जत्रा, भरते, दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक. गावातलीच पोरं मंडळ काढतात, वडशाच्या नाट्यमंडळाशी ठेका ठरवतात, तिकिटं विकतात आणि नफ्यातून देवळाचं किंवा शाळेचं काम करतात. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं, सोयरिकी जुळतात. एकाच गावात एकाच रात्री तीन-तीन नाटकं लागलेली मी पाहिली आहेत आणि तिन्ही कनाती भरलेल्या असतात. सरकारच्या अनुदानाची वाट न बघता तिकीट काढून नाटक पाहणारी ही खेडी आहेत, याचा मला फार अभिमान आहे.

त्या रात्रीत वादकाचा वाटा किती असतो, ते सांगतो. नाटक दहा-अकराला उभं राहतं ते पहाटे पाचला उतरतं. नट आपला प्रवेश करून विंगेत जातो, शाल पांघरतो, चहा घेतो. आम्ही रंगमंचापुढे बसलो की शेवटपर्यंत बसूनच. पौषात आमच्याकडे दव असं पडतं की मध्यरात्रीनंतर सतरंजी हाताला ओली लागते. चामडं ओल धरतं आणि तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, उतरते. ऑर्गनला मिळवून ठेवलेला तबला दुसऱ्या अंकापर्यंत अर्धा स्वर खाली येतो. हातोडीने गट्टे ठोकून वर आणायचा, थोड्या वेळाने परत उतरतो. म्हणून मी दोन तबले नेतो. एक वाजत असतो, दुसरा घमेल्यातल्या निखाऱ्यांजवळ हातभर अंतरावर ठेवलेला असतो. शेक कमी पडला तर चामडं बोलत नाही, जास्त झाला तर पुडीवरची काळी शाई तडकते. ते अंतर मी तळहाताने मोजतो. डाव्या हाताने डग्गा चालू, उजवा क्षणभर मागे नेऊन तबला चाचपायचा आणि समेला परत जागेवर. प्रेक्षकांना यातलं काही दिसू नये, हीच आमची कारागिरी.

आणि त्याचं सुख केवढं असतं, तेही सांगितलं पाहिजे, नाहीतर पत्र खोटं होईल. तीन वाजता लावणी रंगात आलेली असते. पुढे गोधडीत गुरफटलेल्या म्हाताऱ्या बसलेल्या, त्यांच्या मांडीवर पोरं झोपलेली. तिहाई बरोबर समेवर पडते आणि मागून शिट्ट्या येतात. मग माईकवर पुकारा होतो, अमक्या गावच्या पाहुण्यांकडून ढोलकीला ५१ रुपये. अशा एका रात्री सिंदेवाहीकडच्या एका गावात नाटक संपल्यावर एक आजी आली, माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "बापू, तुया हातात देव हाय." त्यांच्याच घरी सकाळी गरम भात आणि लाखोरीची डाळ जेवलो. त्या रात्रीची नोंद वहीत आहे, आजीचं वाक्यही तिथेच लिहून ठेवलं आहे. पैशांच्या रकान्यात, कारण दुसरा रकाना नव्हता.

आता दुसरी बाजू. प्रयोग संपतो तेव्हा सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, गाडी चालवणाऱ्याचेही. धुकं, जंगलाचा रस्ता, आणि संध्याकाळी पुढचं गाव गाठायचं असतं. २०१७ च्या जानेवारीत आमच्या गाडीपुढे रानडुक्कर आलं आणि गाडी रस्ता सोडून धानाच्या बांधीत आडवी झाली. कोणी दगावलं नाही, ही देवाची कृपा. ऑर्गनचा भाता फाटला आणि काकांचं उजवं मनगट मोडलं. हो, ज्यांचा अर्ज परत आला तेच काका. त्यांना त्या वेळी दोन रात्रींचे पैसे जास्तीचे मिळाले, त्याउपर विमा नाही, भरपाई नाही. हाड बसलं, पण जलद तान घेताना बोटं मागे राहतात, हे त्यांच्याइतकंच मला कळतं. मी ठेका थोडा सांभाळून घेतो. ज्या कामात हात मोडला ते काम त्यांनी केलंच नाही, असं कागद आज म्हणतो आहे.

घरची ओढाताण मी फार सांगत बसत नाही. भाऊबीजेला हंगाम सुरू होतो, त्यामुळे बहीण दुपारीच ओवाळून घेते आणि मी डबा घेऊन निघतो. मुलीचा जन्म झाला त्या रात्री मी लाखांदूर तालुक्यात होतो. होळीनंतर मोहफुलं, मग तेंदूपत्ता, मग धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, आणि त्यांची रोवणी. चिखलात दोन महिने काढलेली बोटं भेगाळतात, दिवाळीआधी तेल लावून लावून ती परत तबल्याजोगी करावी लागतात. मी सुरुवात केली तेव्हा एका रात्रीचे १५० रुपये मिळायचे, आज १८०० मिळतात. वर्षाला साठ-सत्तर रात्री झाल्या तर हंगाम चांगला.

मात्र रात्री आमच्या हातात नाहीत. २०१४ साली न्यायालयाच्या निकालाने शंकरपट थांबले, तेव्हा पटाच्या निमित्ताने होणाऱ्या माझ्या रात्री कमी झाल्या. डिसेंबर २०२१ मध्ये परत परवानगी मिळाल्यावर त्यातल्या काही परत आल्या. मधल्या करोनाच्या हंगामात वहीत फक्त सहा ओळी आहेत. त्या वर्षी मी वडिलांच्या वेळचा पितळी डग्गा विकला. आज वाजवतो तो दुसरा आहे, आवाज बरा आहे. त्याच सुमारास ई-श्रम कार्ड निघालं. आमच्याकडच्या केंद्रातल्या मुलाने विचारलं, व्यवसाय काय लिहू? वाजवतो म्हटलं. त्याने यादी खालीवर केली आणि 'शेतमजूर' निवडलं. तेही खरंच आहे, पण अर्धंच.

शिवाय आता वादक कमी होत चालले आहेत. पूर्वी पाच-सहा जण बसायचो, आता तिघे, कधी दोघे. बाकीचं काम कीबोर्डमधला तयार ठेका करतो. आयोजकांचाही इलाज नसतो, खर्च वाढला आहे. पण माझ्या पुतण्याने तबला सोडून मोटर दुरुस्ती शिकायला घेतली, तेव्हा त्याला थांबवायला माझ्याकडे एकही कारण नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं. त्याचा हात माझ्यापेक्षा गोड आहे.

महोदय, मला नवी योजना नको आहे. एक पान हवं आहे. प्रयोगासाठी आयोजकांना परवानगीचा अर्ज करावाच लागतो. त्या अर्जाला त्या रात्रीच्या संचाची यादी जोडणं सक्तीचं करा. नट, लेखक तर असतीलच, पण ऑर्गन कोण वाजवणार, तबल्यावर कोण, ऑक्टोपॅडवर कोण, पडदा कोण ओढणार, गाडी कोण चालवणार, सगळ्यांची नावं. त्यावर ग्रामपंचायतीचा शिक्का आणि एक प्रत आमच्या हातात. मानधनाच्या निवड समितीने तेच पान पुरावा म्हणून धरावं. त्याच पानावर ज्यांची नावं आहेत त्यांचा त्या रात्रीपुरता अपघात विमा असावा, घरून निघाल्यापासून घरी परत येईपर्यंतचा, कारण आमचा धोका रंगमंचावर नाही, रस्त्यावर आहे. पोस्टरवरही वाद्यासोबत वादकाचं नाव छापायला सांगा. त्याला एक ओळ जास्त लागते, शाईही फार लागत नाही.

पण पुढच्यांना पान मिळेल, मागच्यांचं काय? काकांसारख्या लोकांसाठी समितीने एक करावं. दोन ज्येष्ठ कलाकारांची लेखी साक्ष आणि ज्या गावांत वाजवलं तिथल्या ग्रामपंचायतींचे दाखले मान्य करावेत, आणि कोणाकडे माझ्यासारखी वही असेल तर ती पडताळून पाहावी. वहीतल्या कुठल्याही पानावर बोट ठेवा, त्या गावात चला, त्या वर्षी मंडळात कोण होतं ते मी सांगतो. लोक मला ओळखतात. नावाने नाही ओळखणार कदाचित, 'तबलेवाले बापू' म्हणून ओळखतील.

आणखी एक गोष्ट, जड अंतःकरणाने लिहितो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देता येते. आमचं नाटक बाराला तर कुठे रंगात येतं. आजारी माणसाला, परीक्षेच्या पोराला झोप हवी, हे मला मान्य आहे, माझ्याही घरी दहावीची मुलगी आहे. पण चार जिल्ह्यांची रात्रभराची परंपरा कोणाच्या तरी डोळेझाकीवर चालावी, हे मला आवडत नाही. कायद्याच्या चौकटीत काय बसवता येईल, आवाजाची पातळी किती ठेवावी, वस्तीपासून किती दूर कनात लावावी, याबद्दल आपण विधी खात्याशी आणि आमच्या आयोजकांशी एकदा एकत्र बसून बोलावं. प्रयोग मध्येच थांबला तर सगळ्यात आधी कापली जाणारी नाईट, म्हणजे त्या रात्रीचे पैसे, वादकाची असते.

आपण या हंगामात एकदा वडशाला यावं. उद्घाटनाला नको, हार-तुरे नकोत. संध्याकाळी पाच वाजता गाड्या सुटतात तेव्हा या, एखाद्या गाडीत आमच्यासोबत बसा आणि पहाटे परत या. माझ्या बाजूला, घमेल्याजवळ, एक माणूस आरामात बसेल एवढी जागा असते.

पत्रासोबत वहीच्या दोन पानांची झेरॉक्स जोडली आहे. पहिलं पान माझ्या पहिल्या हंगामाचं. दुसऱ्या पानावरची शेवटची ओळ कालच्या रात्रीची आहे : ब्रह्मपुरी तालुका, संगीत साथ तिघे, मिळाले १८००, बाकी काही नाही. दव फार होतं, तबला चार वेळा चढवला.

आपला नम्र,
एक तबला-ढोलकीवादक
तालुका आरमोरी, जिल्हा गडचिरोली