मोर्चा संपल्यावरचं काम कोण बघतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लाठ्या थांबल्या आणि विरोधक झोपले, अशा अर्थाचा आपल्याकडचा कालचा लेख वाचून रात्री झोप लागली नाही. सोलापूरकरांना १९३० ची आठवण करून द्यायची गरज नव्हती. मार्शल लॉ आमच्या गावाने सोसलाय. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फासावर गेलेले चौघे आमचेच. पण गोळीबार काही रोज होत नाही. एरवी विरोधकांनी काय करायचं, हे लेखकाने सोलापूरजवळच्या आमच्या कुंभारीला येऊन विचारायला हवं होतं.

आम्ही इथल्या बिडी कामगार बायकांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतो. २००६ साली मिळालेली ही १० हजार घरं नुसत्या घोषणांनी उभी राहिली नाहीत. मोर्चे निघालेच, पण त्यानंतर सोसायटी करणं, बायकांकडून हप्ते गोळा करणं, दिल्ली-मुंबईच्या मंजुऱ्या आणणं, यात वर्षं गेली. २०१९ मध्ये कुंभारीतल्याच रे नगर या कामगारांच्या नव्या वसाहतीच्या घरांसाठी माकपचे नेते नरसय्या आडम मास्तर यांनी पंतप्रधानांचं जाहीर कौतुक केलं, तर त्यांच्याच पक्षाने त्यांना केंद्रीय समितीतून तीन महिने निलंबित केलं. २०२४ ला रे नगरच्या १५ हजार घरांच्या चाव्या मिळाल्या. याला कुणी शरणागती म्हणत असेल तर त्याने चावी हातात आलेल्या बाईसमोर म्हणावं.

माझ्या आईने जन्मभर बिड्या वळल्या. अंगठ्याच्या रेषा पार झिजल्यात. हयातीच्या दाखल्याला मशीनवर ठसा उमटेना, म्हणून पेन्शन बंद झाली. किमान पेन्शन महिना १ हजार रुपये, २०१४ पासून तेवढीच, आणि तीही बंद! खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मशीन घेत नाही, आम्ही काय करणार?" तेव्हा युनियनच्या एक बाई आईबरोबर गेल्या. लेखी अर्ज दिला, पोच मागून घेतली आणि ती पोच दाखवत पेन्शन सुरू होईपर्यंत खेटे घातले. ना झेंडा, ना घोषणा. तुमच्या लेखकाच्या हिशेबात या बाई झोपलेल्या!

याच प्रश्नावर दोन पक्षांनी निवेदनं दिली होती. एका कागदाला दहा जणांचे हात लागलेले, असे दोन्ही फोटो आपणच छापले. त्यानंतर त्यातला एकही माणूस वसाहतीत फिरकला नाही आणि आपला वार्ताहरही आला नाही. निवेदनाचं पुढे काय झालं, हे छापायची पद्धत आपल्याकडे का नाही? निदान महिन्यातून एकदा मागच्या निवेदनांची स्थिती छापा. सुरुवात पेन्शनच्या निवेदनांपासून करा. वसाहतीत अजून कितीतरी बायकांचे अंगठे उमटत नाहीत.

आपली,
बिडी कामगाराची मुलगी, कुंभारी