क्रीडा शुल्काचं काय झालं?

काटोल

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू आईला म्हणालीस, "आमच्या कॉलेजला मैदानच नाही, मग खो-खो बंद." आईने लगेच हो म्हटलं, तिला तुझ्या गुडघ्यांची काळजी. मला काही ते पटलं नाही. फोनवर बोललो तर तूही आवाज चढवशील अन् मीही, म्हणून लिहून राहिलो.

तुझ्या प्रवेशाची पावती माझ्याजवळ आहे. कंडक्टर माणूस, कागदावरचे आकडे वाचल्याशिवाय कागद घडी करत नाही. त्यात क्रीडा शुल्क म्हणून वेगळी रक्कम लावली आहे. पैसे घेतले तर त्याचं काय करता, हे विचारायचा तुला हक्क आहे, अन् त्यात भांडण नाही. फक्त ऑफिसच्या खिडकीवर नको विचारू, तिथे "लंचनंतर या" एवढंच उत्तर मिळेल. बहुतेक कॉलेजांत शारीरिक शिक्षणाचे संचालक असतात, तुम्ही पोरं ज्यांना स्पोर्टचे सर म्हणता. त्यांना गाठ. खेळायला येणारी मुलगी स्वतःहून दारात आली की बहुतेक सरांना बरंच वाटतं. न वाटलं तर पुढचं पाहू.

आता मैदानाचं. खो-खोला जागा लागते किती? साधारण २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद अन् दोन खांब. क्रिकेटसारखं अख्खं पटांगण लागत नाही. तुमच्या कॉलेजच्या मागे गाड्या लावतात ती जागा मी प्रवेशाच्या वेळी पाहिली होती. सकाळी सातच्या आधी तिथे कोण गाडी लावते? खाली मुरूम असेल तर खुंट मारा अन् सुरू करा. सिमेंट असेल तर नुसता पळतीचा अन् हुलकावणीचा सराव करा, सूर मारायचा नाही म्हणजे नाही.

खरी अडचण जागेची नाही, मुलींची आहे. सांघिक खेळात कॉलेजचा संघ विद्यापीठाकडे नोंदवला गेला तरच इंटर-कॉलेज खेळता येते. एकटी धावणारी मुलगी एकटी जाऊ शकते, खो-खोत नऊ जणी मैदानात लागतात अन् वर राखीव. म्हणजे तुला आधी पोरी गोळा कराव्या लागतील. होस्टेलमध्ये भंडाऱ्याच्या, गोंदियाच्या मुली आहेत म्हणालीस नं? त्यांना विचार, शाळेत कोण काय खेळली. गावाकडच्या शाळांत खो-खो नाही तर कबड्डी खेळलेलीच असते. बारावी आली, क्लास लागले, घरच्यांनी थांबवलं, अशा चार जणी तर सहज निघतील.

पुढची वाट तुला माहीत असावी म्हणून सांगतो. आपलं नागपूर विद्यापीठ १९२३चं. आता त्यात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे येतात. चंद्रपूर-गडचिरोली २०११ला गोंडवाना विद्यापीठात गेले. या चार जिल्ह्यांतल्या कॉलेजांत इंटर-कॉलेज होते अन् चांगल्या खेळाडूंतून विद्यापीठाचा संघ निवडतात. मग तो संघ दुसऱ्या विद्यापीठांशी खेळतो. आपण पश्चिम विभागात येतो. विभागात पहिल्या चारांत आलं तर अखिल भारतीय. या स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ ही दिल्लीची संस्था भरवते. शिवाय महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचा आपसांतला 'अश्वमेध' महोत्सव वेगळा, त्यात खो-खो आहेच. २०२०मध्ये ओडिशात पहिली खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाली, तेव्हा १७ खेळांत कबड्डी होती अन् खो-खो नव्हता. मातीतला आपला खेळ अन् बाहेर ठेवला, मला तेव्हा राग आला होता. पण जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला अन् आपल्या पोरींनी नेपाळला ७८-४० हरवलं. कर्णधार प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचीच. तो सामना तू अभ्यास सोडून पाहिलास, हे मला माहीत आहे.

विश्वचषकाची स्वप्नं मी दाखवून नाही राहिलो. बुद्धिबळातली दिव्या देशमुख, तिरंदाज ओजस देवतळे हे याच नागपूरचे, पण ती माणसं लहानपणापासून एका रेषेत चालली. तू सतरा-अठराची, दोन वर्षं खेळ सुटलेला. माझं म्हणणं तीन वर्षांपुरतं आहे. आंतरविद्यापीठ खेळायला वय १७ ते २५ लागतं, अन् नियमित कॉलेज करणारा विद्यार्थी लागतो. नोकरी लागली, बाहेरून परीक्षा द्यायला लागली, की हे दार बंद. पंचविशीनंतर तुला खेळावंसं वाटलं तर कोणी अडवणार नाही, पण विद्यापीठाचा ट्रॅकसूट कोणी देणार नाही.

सोयींचंही थोडं पाहून ठेव. रवीनगरला विद्यापीठाचं मैदान आहे अन् सुभेदार हॉल. मानकापूरला विभागीय क्रीडा संकुल, तिथे इनडोअर स्टेडियम अन् धावायला सिंथेटिक ट्रॅक. या जागा तुझ्या होस्टेलपासून लांब आहेत, रोज जाणं परवडायचं नाही, वेळही नाही. आठवड्यातून एकदा दोघी-तिघी मिळून जा. आधी चौकशी करा, कोणत्या वेळी कोणाला सोडतात, फी काय, मुलींसाठी कपडे बदलायची खोली अन् स्वच्छतागृह उघडं असते की कुलपात. हे शेवटचं नक्की पाहा. शहरातल्या एका मैदानावर मी एका मुलीच्या वडिलांसोबत चावीवाल्याला शोधत फिरलो होतो. त्याच मैदानावर नुकतंच कसलं तरी प्रदर्शन होऊन गेलेलं, मांडवाचे खिळे तसेच पडलेले. अनवाणी खेळणाऱ्या पोरींनी आधी खिळे वेचले, मग सराव. म्हणून जिथे जाशील तिथे पहिल्या दिवशी जमीन पाहून घे.

परीक्षेचं आई विचारेल, तर तेही बोलतो. सामने बहुतेक थंडीच्या तोंडावर अन् थंडीत, अन् हिवाळी परीक्षाही तेव्हाच. दोन्ही एकमेकांवर येतील. संघात निवड झाली तर सामन्यांच्या दिवसांचं पत्र आधी प्राचार्यांकडून घ्यायचं, हजेरीसाठी मागाहून रडत बसायचं नाही. प्रॅक्टिकल बुडणार असेल तर त्या मॅडमना तोंडी नाही, लेखी सांगायचं. नव्या शैक्षणिक धोरणात खेळ, योग, एनसीसी, एनएसएस यांना सहशैक्षणिक म्हणून क्रेडिट धरतात. तुमच्या कॉलेजात खेळाचा पर्याय ठेवलाय का, ते विचार.

नोकरीचं मी शेवटी ठेवलं, कारण तुझे काका तेच आधी बोलतात. राज्य शासनाच्या भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, खरं आहे. पण नुसता भाग घेतल्याचा कागद पुरत नाही. कोणती स्पर्धा, कितवा क्रमांक, सगळं पाहतात, क्रीडा विभागाचे उपसंचालक प्रमाणपत्र पडताळतात. बनावट प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं राज्यात निघालीच आहेत, त्यामुळे खऱ्यालाही दहा वेळा तपासून घेतात. तेव्हा प्रत्येक प्रमाणपत्र फाईलला लाव, पण त्या कागदासाठी खेळू नको. कागदासाठी खेळणारी पोर पहिल्या पराभवानंतर येत नाही.

मग खेळायचं कशाला, तर मी जे पाहिलं ते सांगतो. दहावीपर्यंत तू मैदानावरून यायचीस तेव्हा भूक लागलेली असायची, झोप लागायची, धाकट्याशी भांडण कमी. बारावीत खेळ बंद झाला अन् तू रात्री एकपर्यंत मोबाईल घेऊन जागी. आता होस्टेलवर तुला कोण टोकणार? सकाळी साडेपाचला उठायचं असेल तर रात्री साडेदहाला आपोआप झोपशील.

शरीराचं दोन शब्दांत. आधी हिमोग्लोबिन तपासून घे. तुम्ही मुली ते कमी असूनही पळत राहता अन् मग चक्कर येते. दोन वर्षांनी खेळतेस, पहिला महिना नुसतं पळणं अन् उठाबशा. सूर लगेच नको. मुठीभर फुटाणे-शेंगदाणे अन् दोन अंडी, मेसवाले देत नसतील तर मी वेगळे पैसे पाठवतो. पाळीच्या दिवसांत सरावाला जमणार नसेल तर सरांना तसं सांग. सर पुरुष आहेत म्हणून गप्प बसून धावू नको.

खर्चाचं मी पाहतो. बूट जुने झाले असतील, नंबर कळव, पुढच्या नागपूर ड्युटीला घेऊन देतो. सराव सुरू झाला की रविवारी घरी येणं जमणार नाही, ते मला चालेल. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, एखाद्या रविवारी आईच येईल तुझ्याकडे. तिला मात्र यातलं मी अजून काही बोललो नाही. ते तूच सांग, अन् गुडघ्याचा विषय ती काढायच्या आत सांग.

तुझा,
बाबा