स्टूल डावीकडे घेणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

माझ्या धाकट्या भावाला औषधांना दाद न देणारा क्षयरोग झाला, तेव्हा गोवंडीतील एका खाजगी डॉक्टरांनी त्याला कॅनामायसिनची इंजेक्शने सुरू केली. कानात शिट्टी वाजते, अशी तक्रार त्याने पुनःपुन्हा केली, तरी मान वरही न करता डॉक्टरांनी अशक्तपणाचे टॉनिक लिहून दिले. त्या इंजेक्शनांमुळे त्याचा उजवा कान जवळजवळ गेला आणि डावाही अधू झाला.

तुम्ही समुपदेशक होतात त्या क्षयरोग केंद्रात आलो, त्या पहिल्याच दिवशी, फाइल उघडण्याआधी, तो मान वळवून ऐकतो हे तुमच्या ध्यानात आले आणि काही न बोलता तुम्ही आपले स्टूल उचलून त्याच्या डाव्या बाजूला मांडलेत. प्रश्नही मला न विचारता त्यालाच विचारलेत. कितीतरी दिवसांनी तो स्वतःच्या आजाराविषयी स्वतः बोलला.

पुढे इंजेक्शन थांबून बेडाक्विलिनच्या गोळ्या सुरू झाल्या. भारतात हे औषध २०१६ मध्ये मोजक्या केंद्रांत आले, आणि आरंभीचा साठा यूएसएआयडी ही अमेरिकी मदतसंस्था व जॉन्सन अँड जॉन्सन कंपनी यांच्या देणगी योजनेतून मिळाला, हे मी नंतर वाचले. त्याच कंपनीने या औषधाचे पेटंट लांबवण्याचाही प्रयत्न केला. क्षयावरील औषधाने श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी त्याला हरकत घेतली व २०२३ मध्ये आपल्या पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला. तेव्हा देणाऱ्याचे हात निर्मळच असतात, असे मी म्हणणार नाही.

तरीही परदेशी मदत म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असे सांगणाऱ्यांचे मला पटत नाही, कारण आमच्यापर्यंत ती गोळ्यांइतकीच तुमच्या पगाराच्या रूपाने पोहोचली. अहवालात गोळ्या मोजल्या जातात. रोग्याला अवघडू न देणारी माणुसकी कोणत्याच रकान्यात बसत नाही, आणि ती शिकवूनही सगळ्यांना येत नाही.

जुलै २०२५ मध्ये यूएसएआयडीचा कारभार गुंडाळला गेला. तुमच्या प्रकल्पाचीही मुदत संपल्याचे कळले. समुपदेशकाचे पद महापालिकेने स्वतःच्या खर्चाने चालवावे, असा अर्ज आम्ही काही कुटुंबांनी मिळून केला आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे; तुमच्या कामाचे काही त्यात राहून गेले असेल, तर अवश्य कळवावे.

आपली कृतज्ञ,
भावाची मोठी बहीण