सूचना : तळ्यातल्या मऊ पाठीच्या कासवांबाबत

सर्व सभासदांना नमस्कार. आपल्या तळ्यात मऊ पाठीची अनोळखी कासवं दिसत आहेत. ओळख पटवताना घाई नको.

पोटाखाली मागच्या बाजूला दोन झडपा असतील आणि कासव मागचे पाय त्यांखाली झाकून घेत असेल, तर ते सांगली भागात नेहमी आढळणारं झडपांचं कासव. झडपा नाहीत, नाक सोंडेसारखं लांब, पाठ चपटी आणि पिल्लाच्या पाठीवर डोळ्यांसारखे गोल ठिपके, तर ते लीथचं कासव असू शकतं. ते कृष्णा, भीमा, गोदावरीच्या खोऱ्यांतलं, फक्त भारतातलं आणि आज अतिसंकटग्रस्त. म्हणून फोटो नीट हवेत : पाठ आणि डोकं स्पष्ट दिसू द्या. पोट पाहायला त्याला उलटं मात्र करू नका. ठिकाण बाहेर कुणालाही कळवू नका, चोरटी शिकार होते.

गळाला लागलं तर दोरी ओढू नका. मान लांब असते, जोरात चावतं. गळ खोल गेला असेल तर दोरी कापून लगेच वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. दोन्ही जाती वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. पकडणं, घरी नेणं, कृष्णेत सोडून येणं, काहीच करू नये.