बाबांचं पथ्य थोडं सैल करू या

ती. आई-बाबा,
सा. न.

आई, तू पाठवलेले वहीच्या पानांचे फोटो मिळाले. बाबा दिवसभरात काय खातात ते लिहून ठेव एवढंच मी म्हटलं होतं. तू वेळ लिहिलीस, वाटीचं माप लिहिलंस, ताटात उरलं किती तेही लिहिलंस. आमच्या वॉर्डात इतक्या नेटक्या नोंदी क्वचितच बघायला मिळतात. ती पानं वाचूनच हे पत्र लिहायला बसले. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलायला लागता आणि माझं सांगायचं निम्मं राहून जातं, म्हणून कागदावर.

आधी वजनाचं. ६३ वरून ५७ झालं म्हणून बाबा खूश आहेत आणि तूही. त्यातलं पहिलं दोन-अडीच किलो खुशीचंच आहे; पायांवरची सूज उतरली, लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी गेलं. पण सूज उतरून आता बरेच आठवडे झाले आणि काटा अजून खालीच चाललाय. आता जातंय ते पाणी नव्हे, अंगातलं मांस जातंय. बाबा खुर्चीतून उठताना दोन्ही हातांवर जोर देतात, असं तूच लिहिलं आहेस. मांड्यांतली ताकद गेली की माणूस तसाच उठतो.

२००७ साली छापून आलेला एक छोटासा अभ्यास आहे. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं होतं. जेवणखाण वेळेवर होतं, आजार काही नव्हता. तरी तेवढ्यात पायांतलं जवळजवळ एक किलो मांस घटलं. बाबा तर हृदयाच्या दुखण्याने आजारी होते, पडून होते आणि जेवतही नव्हते. पेशंटचं वजन मनात नसताना तीन ते सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून जास्त उतरलं की आम्ही कुपोषणाचा धोका म्हणून त्याच्या नावापुढे खूण करतो. पाणी वजा करून धरलं तरी बाबा त्या खुणेच्या पलीकडे गेलेत.

आता वही. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं. दुपारी एक वाटी भात, पातळ डाळ, उकडलेली भाजी दोन घास. संध्याकाळी गाळलेलं सूप. रात्री अर्धी वाटी भात आणि साय काढलेलं कपभर दूध. मी बेरीज केली. प्रोटीन वीस-पंचवीस ग्रॅमच्या वर जात नाही, कॅलरी हजारसुद्धा भरत नाहीत. त्यांना साधारण सोळाशे-सतराशे लागतात. म्हणजे रोज निम्मं जेवण कमी पडतंय, आणि तेही तू एवढा जीव टाकून करतेस तरी.

यात तुझी चूक काढायची नाहीये, आई. तुझ्या फ्रीजच्या दारावर तीन कागद आहेत. डायबेटिसचा कागद कित्येक वर्षांपूर्वीचा, किडनीचा मधला, हृदयाचा आत्ताचा. तीन डॉक्टर, प्रत्येकाने आपापल्यापुरतं बरोबर लिहिलं. पण तिन्ही ‘नको’ एकाच ताटावर लागू केले की उरतं काय, ही बेरीज कुणीच केली नाही, दवाखान्यातून घरी सोडतानाही नाही. पथ्याला औषधासारखंच माप असतं, ते कशासाठी हे ठरलेलं असतं आणि बहुतेकदा त्याची मुदतही असते. कागदावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून माणूस जन्मभर पाळत बसतो.

मिठाचं बघू. ‘मीठ कमी’ असं लिहिलंय, आणि तू मीठ बंद केलंस. जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच मोठ्या माणसांना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ खा म्हणून सांगते. ५ ग्रॅम म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा. बाबांसाठी त्याहून थोडं कमी, पाऊण चमचा धरू. रोज सकाळी तेवढं मीठ छोट्या डबीत काढून ठेव, दिवसभराचं त्यांचं मीठ तेवढंच. शिजवताना घालू नकोस, वाढल्यावर वरून भुरभुरव. वरचं मीठ जिभेला आधी लागतं, त्यामुळे थोडक्यात भागतं. लिंबू, जिरं, मिरी, लसूण हवं तितकं. डबीबाहेरचं मीठ मात्र खरं चोर आहे. बिस्किटं, पाव, पाकिटातलं सूप. सगळा स्वयंपाक अळणी करून संध्याकाळी तयार सूपाचं पाकीट उकळायचं म्हणजे पुढचं दार लावून मागचं उघडं ठेवण्यातली गत. बाबा, हसू नका, पाकीट तुम्हीच आणता हे मला ठाऊक आहे.

हृदय कमजोर असलेल्यांना मीठ फार कडक तोडून काय मिळतं, हेही तपासून झालंय. २०२२ साली आठशेहून अधिक पेशंटांवरचा एक मोठा अभ्यास आला. एका गटाला सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, दिवसाला दीड ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितलं, दुसऱ्याला नेहमीचा सल्ला. वर्षभराने मृत्यू आणि दवाखान्याच्या फेऱ्या यांत ठळक फरक पडला नाही. म्हणून मिठावर ताव मारा असं मी म्हणत नाही. पण अळणी म्हणून ताट सरकवून देणारा माणूस आणि पाऊण चमच्यात पोटभर जेवणारा माणूस यांत मी दुसरा निवडेन.

आणि एक गोष्ट अगदी नको. मावशीने सांगितलेलं ते ‘लो सोडियम’ मीठ घरात आणू नकोस. त्यात सोडियम काढून त्याच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. बाकीच्यांना ते चांगलं असेलही, पण बाबांची किडनी थोडी मंद आणि गोळ्यांत स्पायरोनोलॅक्टोन आहे, ती गोळी पोटॅशियम अंगात धरून ठेवते. वर हे मीठ म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पोटॅशियम फार वाढलं तर आधी काही जाणवतही नाही आणि एकदम हृदयाचे ठोके बिघडतात.

त्यावरून पोटॅशियमसाठी घातलेली केळं-बटाट्याची बंदी. ती त्या आठवड्याची होती, जेव्हा पोटॅशियम ५.८ आलं होतं. परवाच्या रिपोर्टात ४.४ आहे आणि ५ पर्यंत ठीक समजतात. तर एवढी सगळी फळं आणि भाज्या अजून बंद ठेवायच्या का, हे डॉक्टरांना विचारायचं. तोवर बटाटा बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायचा आणि ते पाणी फेकून द्यायचं, पोटॅशियम बरंचसं पाण्यात उतरतं. हे सगळ्यांनी करायची गरज नाही, जीवनसत्त्वंही त्याच पाण्यात जातात. बाबांपुरतं आणि तेही विचारेपर्यंत.

प्रोटीनचा गोंधळ सगळ्यात मोठा. किडनीच्या कागदावर ‘प्रोटीन कमी’ आहे. कमी म्हणजे किती? डायलिसिस नसलेल्या किडनीच्या पेशंटला साधारण वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम सांगतात, बाबांच्या वजनाला पंचेचाळीसच्या आसपास. निरोगी माणसाला सांगतात तेवढंच की हे! ‘कमी’ एवढ्यासाठी म्हणतात की पुष्कळ लोक याच्या दीडपट-दुप्पट खातात. आणि म्हातारपणी मांस झडत चाललेलं असेल तर याहून जास्तीचा विचार करा, असं किडनीच्या डॉक्टरांसाठीच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. आपण तर निम्म्यावर आहोत. रोज एक अंडं वाढव, त्यात सहा ग्रॅम. डाळ घट्ट कर. डाळीच्या वरचं पाणी म्हणजे डाळ नव्हे. सकाळी चहाबरोबर बिस्किटांऐवजी अंडं, दुपारी घट्ट डाळ आणि वाटीभर दही, रात्रीही डाळ. सगळं एकाच जेवणात कोंबू नकोस, थोडं थोडं तिन्ही वेळेला दे.

आणि तेल! आई, तिन्ही कागद मी डोळ्यांजवळ धरून वाचले. तेल कुणीही बंद केलेलं नाही, ते तुझ्या मनचं. तेलात साखर नाही, सोडियम नाही, पोटॅशियम नाही, प्रोटीन नाही, आणि पाण्याच्या हिशेबातही ते येत नाही. तिन्ही डॉक्टरांना चालेल असं स्वयंपाकघरात हे एकच निघालं, आणि नेमकं तेच आपण हद्दपार केलं. छोट्या चमच्यामागे चाळीस-पंचेचाळीस कॅलरी. डाळीत एक, भाजीत एक, भातावर एक घाल. बाबांना कळणारही नाही. कॅलरी पुरल्या नाहीत तर खाल्लेलं प्रोटीनसुद्धा शरीर सरपणासारखं जाळून टाकतं, अंगी लागत नाही.

सूप मात्र कमी कर. तुला वाटतं ते पौष्टिक आहे. गाळून उरतं ते बहुतांशी पाणी, आणि बाबांना दिवसाला दीड लिटरच पाणी सांगितलंय. त्यात चहा, दूध, सूप सगळं मोजायचं. पोटही भरतं आणि पाण्याचा वाटाही संपतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने दीडशे वर्षांपूर्वीच मांसाच्या पातळ रश्शाबद्दल हेच लिहून ठेवलं होतं, की आटवून बघा, तळाशी चमचाभर उरेल. तिचंच आणखी एक तुझ्या कामाचं आहे. न खाल्लेलं ताट ‘मग खातील’ म्हणून पेशंटच्या उशाशी झाकून ठेवू नये, त्याने तो अजिबातच खात नाही. बाबांच्या शेजारी स्टुलावर झाकलेलं ताट असतं ना? अर्ध्या तासाने उचल, आणि दोन तासांनी दुसरं काहीतरी थोडंसं दे.

आता ज्याची मला खरी काळजी वाटली ते. वहीत दोन ठिकाणी लिहिलंयस, ‘पहाटे घामाने अंग ओलं, बोलणं अडखळत, साखरेचं पाणी दिल्यावर बरं.’ तुला वाटलं हृदयाचं काही असेल. साखरेने बरं वाटलं, तर ती बहुधा रक्तातली साखर उतरली होती. जेवण निम्म्यावर आलं आणि साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी होती तेवढीच राहिली, तर दुसरं काय होणार! पुन्हा असं झालं तर आधी मशीनवर साखर बघ. ७० च्या खाली असेल, किंवा मशीन हाताशी नसेल, तर तीन छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून दे, पंधरा मिनिटांनी परत बघ, उतरलेलीच असेल तर पुन्हा तेवढंच. त्यानंतर थोडं खायला दे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट अॅम्ब्युलन्स. आणि गोळीबद्दल डॉक्टरांना उद्याच फोन कर, पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. गोळी आपल्या मनाने बंदही करायची नाही, फोन करून विचारायचं. रात्री झोपताना दूध देतेस त्याबरोबर काहीतरी खायलाही दे.

बाबा, तुमचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.२ आलं ते तुम्ही दिसेल त्याला सांगत सुटलात. ते तुमच्या वयात आणि एवढ्या दुखण्यांत बक्षीस नाही. तुमच्यासारख्यांना ८ च्या आत असलं तरी पुष्कळ, असं हल्ली मानतात, कारण साखर खाली घसरून पडण्याचा धोका जास्त. ‘लंघन हे परम औषध’ हे तुमचं आवडतं वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. एका वेळेच्या अपचनाला ते ठीक आहे. स्वित्झर्लंडमधल्या आठ हॉस्पिटलांत दोन हजारांवर पेशंटांना घेऊन केलेला अभ्यास २०१९ मध्ये आला. कुपोषणाचा धोका असलेल्यांपैकी ज्यांना माणसागणिक मोजूनमापून खायला दिलं, त्यांच्यात महिन्याभरातले मृत्यू १० टक्क्यांवरून ७ वर आले. एकही नवीन औषध नव्हतं, नुसतं जेवण.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, वजन लिहायचं. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त चढलं तर ते पाणी, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. हळूहळू, महिन्याला अर्धा-एक किलो चढलं तर ते आपल्याला हवंच आहे. त्याला घाबरून पुन्हा ताट कमी करू नका.

डॉक्टरांकडे जाताना तिन्ही कागद आणि ही वही सोबत न्या. तिन्हींचा मिळून एकच कागद लिहून मागा, माप आणि मुदत घालून. ते घाईत असतील तर माझा नंबर द्या, मी बोलेन.

तुमची
धाकटी

ता. क. आई, बाबा अंड्याला आणि घट्ट डाळीला नाही म्हणतात ते चवीमुळे की कवळीमुळे, हे एकदा विचार. वजन उतरलं की हिरड्याही बसतात आणि कवळी सैल होते. ते सांगणार नाहीत. जेवताना कवळी काढून ठेवत असतील तर मला कळव, दाताच्या डॉक्टरांची वेळ मी इथूनच घेते.